ट्रेलर जोडलेला असताना टेलगेट उघडावे कसे : टंग जॅकची जुळणी

अमेरिकेत किंवा कॅनडात पिकअप ट्रकमागे ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या अनेकांना ही अडचण पहिल्याच सहलीत भेटते. मुक्कामाला पोहोचल्यावर ट्रेलर अजून ट्रकलाच जोडलेला असतो, हौद्यातून चाकांना लावायची उटी, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या काढायच्या असतात, आणि त्यासाठी टेलगेट, म्हणजे आपल्याकडच्या टेम्पोचा फाळका, खाली सोडले की ते अर्ध्या वाटेवर टंग जॅकच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या निमुळत्या टोकावर (टंगवर) उभ्या बसवलेल्या आणि ते टोक उचलणाऱ्या जॅकच्या, डोक्याला जाऊन अडते. हळू सोडले तर फक्त अडते. हातातून सुटले तर दोन्हीकडे नुकसान होते.

माझ्याकडून हे यूटा राज्यातील मोॲबजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर झाले. मी चाकाजवळ वाकून उटी बसवत होतो आणि खिशातल्या रिमोटचे टेलगेटचे बटण मांडीने दाबले गेले. टेलगेटच्या वरच्या कडेपासून दोन बोटे खाली अंगठ्याएवढा पोचा पडला. त्याहून वाईट म्हणजे जॅकच्या डोक्यावरचे प्लास्टिकचे झाकण तडकले, आणि त्या रात्रीच्या पावसाचे पाणी मोटरच्या घरात शिरले. सकाळी बटण दाबल्यावर जॅक नुसता घुरघुरला, हलला नाही. त्यानंतर मी ही जुळणी टेप आणि कागद घेऊन नीट समजून घेतली. ती येथे सविस्तर देत आहे, कारण या बाबतीत ऐकीव सल्ल्यावर चालणारे लोक बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करतात.

सर्वांत प्रचलित गैरसमज असा, की जॅक वर-खाली चालवला म्हणजे त्याचे डोके वर-खाली होते. ट्रेलर सुटा असताना तसे दिसते खरे. पाय जमिनीवर टेकलेला असतो, त्यामुळे जॅक चालवला की ट्रेलरची संपूर्ण टंग डोक्यासकट वर किंवा खाली जाते. ट्रेलर ट्रकला जोडल्यावर मात्र टंगची उंची हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) बॉलने, म्हणजे ज्या गोळ्यावर टंग टेकते त्याने, ठरलेली असते. जॅकची बाहेरची नळी टंगच्या ए-आकाराच्या चौकटीवर पक्की बसवलेली असते आणि मोटर व गिअर असलेले डोके त्या नळीच्या माथ्यावर असते. आता जॅक चालवला तर हलते ती फक्त आतली नळी आणि तिच्या टोकाचा पाय. म्हणून जॅक पूर्ण आत ओढल्याने टेलगेटला एक इंचही जास्त जागा मिळत नाही. जागा मिळवायची असेल तर डोक्याची दिशा, बॉलचे ट्रकपासूनचे अंतर, बॉलची उंची किंवा जॅक स्वतः, यांपैकी काहीतरी बदलावे लागते.

आधी मोजमाप

मोजमाप ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना आणि नेहमीचे सामान भरलेले असतानाच करावे. रिकाम्या ट्रकचा मागचा भाग वर उचललेला असतो, आणि ट्रेलरचे वजन पडल्यावर तो सहज एक-दोन इंच खाली बसतो, त्यामुळे अंगणात रिकाम्या गाडीवर घेतलेली मापे सहलीत खोटी ठरतात. जागा सपाट असावी, ट्रक आणि ट्रेलर एका रेषेत असावेत, हँडब्रेक ओढलेला असावा आणि ट्रेलरच्या चाकांना पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी उटी लावलेली असावी.

चार मापे घ्यावीत. पहिले माप टेलगेटचे स्वतःचे, बिजागरीच्या रेषेपासून वरच्या कडेपर्यंत. कडेला पुढे आलेली पट्टी किंवा प्लास्टिकची ओठासारखी कड असेल तर ती धरूनच. दुसरे, त्या बिजागरीपासून बॉलच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर. हे तिरके मोजले जाऊ नये म्हणून बिजागरीपासून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडावा आणि तेथून टेप आडवा धरावा. तिसरे, बॉलच्या मध्यापासून जॅकच्या नळीच्या मध्यापर्यंत. चौथे, नळीच्या मध्यापासून डोक्याचा जो भाग ट्रककडे सर्वांत पुढे आला आहे तेथपर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाच्या बेरजेतून चौथे वजा केले की टेलगेटला मिळणारी जागा कळते, आणि ती पहिल्या मापापेक्षा जास्त असायला हवी.

उदाहरणादाखल, टेलगेट २१ इंच, बिजागरीपासून बॉल १२ इंच, बॉलपासून जॅक १२ इंच आणि डोके ५ इंच पुढे आलेले, अशी मापे धरू. १२ आणि १२ मिळून २४, त्यातून ५ गेले की उरले १९. म्हणजे टेलगेटला २ इंच कमी पडतात. स्वतःची मापे अशीच कागदावर मांडावीत, कारण पुढचा प्रत्येक उपाय याच हिशेबात किती इंच घालतो ते पाहायचे आहे.

उंचीचे माप वेगळे घ्यावे. टेलगेट आडवे झाल्यावर त्याची खालची बाजू जमिनीपासून किती उंच राहील आणि जॅकच्या डोक्याचा माथा किती उंच आहे, हे पाहावे. माथा तीनेक इंच खाली असेल तर टेलगेट जॅकच्या वरून निघून जाते आणि अडचणच उरत नाही. हल्लीच्या उंच चार-चाकी-ड्राइव्ह ट्रकांच्या बाबतीत कधीकधी असे घडते. पण माथा वर असेल, तर तो एक-दोन इंचांनी खाली आणण्यात फारसा लाभ नाही, हे समजून घ्यावे. टेलगेटचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते. २१ इंचाचे टेलगेट बिजागरीपासून ६ इंच उंचीवर असतानाच त्याचे टोक मागे सुमारे २० इंच पोहोचलेले असते. पूर्ण आडवे झाल्यावर २१. म्हणजे आघात उंचीत कोठे होतो याने जेमतेम एका इंचाचा फरक पडतो. जोवर माथा टेलगेटच्या पूर्ण खाली जात नाही, तोवर हा प्रश्न लांबीचा आहे, उंचीचा नाही, आणि बहुतेक जण येथेच चुकतात.

वळलेल्या स्थितीतली जागा

सरळ रेषेत टेलगेट सुटले म्हणून काम झाले असे नाही. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर मागे घेत जागेत बसवताना ट्रक आणि ट्रेलर यांच्यात कोन राहतो आणि पुष्कळदा त्याच स्थितीत आपण उतरून हौद्यातून ठोकळे काढायला जातो. जॅक बॉलभोवती फिरतो. बॉलपासून तो १२ इंच मागे असेल, तर ३० अंशांच्या कोनात ट्रकपासूनचे त्याचे मागचे अंतर सुमारे १०.४ इंच उरते आणि ४५ अंशांत ८.५ इंच. म्हणजे अनुक्रमे दीड इंचाहून थोडे अधिक आणि साडेतीन इंच जागा कमी होते, आणि टेलगेट रुंद असल्यामुळे जॅक बाजूला सरकूनही त्याच्या वाटेतून सुटत नाही. म्हणून सरळ रेषेत किमान ४ इंच मोकळे राहतील, अशी जुळणी करावी, असे माझे मत आहे. दोन इंचांवर समाधान मानणाऱ्यांचे टेलगेट पहिल्याच तिरक्या जागेत लागते.

चढ-उताराचाही असाच परिणाम होतो. रस्त्यावरून कॅम्पच्या जागेत शिरताना ट्रक एका चढावर आणि ट्रेलर दुसऱ्या चढावर, मध्ये बॉल खोलगट भागात, अशी स्थिती आली, की दोघांचे माथे एकमेकांकडे झुकतात आणि वरची जागा आवळली जाते.

ट्रेलर पाणसळीत आणणे

जॅकला हात लावण्यापूर्वी ट्रेलर समतल उभा आहे ना, हे पाहावे. चौकटीची उंची पुढे आणि मागे मोजावी किंवा चौकटीवर पाणसळ ठेवावी. नाक वर असलेल्या ट्रेलरचे टंग वजन (टंगमधून बॉलवर पडणारे वजन) घटते आणि तो वेगात डुलू लागतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर असावे हा नियम त्यासाठीच आहे. नाक वर असण्याने जॅकचा माथाही वर जातो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या, म्हणजे स्प्रिंग बारांच्या ताणाने टंगचे वजन पुढच्या-मागच्या आसांवर वाटणाऱ्या हिचच्या, शँकला (ट्रकच्या रिसीव्हर नावाच्या चौकोनी नळीत जाणाऱ्या दांड्याला) साधारण सव्वा इंचाच्या अंतराने भोके असतात, त्यांतले एक भोक खाली घेऊन ट्रेलर समतल होत असेल तर ते करावे. टेलगेटच्या जागेसाठी मात्र ट्रेलरचे नाक मुद्दाम खाली दाबून ठेवू नये. ज्या हिचवर सगळ्या कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून आहे, तिची उंची ट्रेलर ठरवतो, टेलगेट नव्हे.

जॅकचे डोके फिरवणे

हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि मी तो प्रत्येकाला सर्वांत आधी सुचवतो. विजेवर चालणाऱ्या बहुतेक जॅकांचे डोके सर्व बाजूंनी सारखे नसते. मोटर आणि गिअरचे घर एका बाजूला पुढे आलेले असते. जॅकचा पत्रा टंगवर तीन बोल्टांनी बसतो आणि हे तीन बोल्ट एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, त्यामुळे संपूर्ण जॅक उचलून एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसवता येतो. वरच्या उदाहरणात ट्रककडे ५ इंच असलेला भाग बाजूला गेला आणि त्या जागी ३ इंचांचा भाग आला, तर दोन इंच मिळाले; तूट भरून निघाली, पण मोकळीक अजून शून्यच.

हे काम करताना टंगचे वजन कोठे आहे याची खात्री असल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. ट्रेलर ट्रकच्या बॉलवरच असू द्यावा, कपलरची (बॉलवर बसणाऱ्या टंगच्या वाटीची) कडी बंद करून तिची पिन घातलेली असावी, चाकांना उटी असावी आणि जॅकचा पाय जमिनीपासून पूर्ण उचललेला असावा. ट्रकशिवाय करायचे असेल तर टंगच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीखाली योग्य क्षमतेचे जॅक स्टँड हवेत. विटांचा किंवा सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचा आधार घेऊ नये. ते दाबाखाली एकाएकी फुटतात.

प्रथम ट्रेलरच्या बॅटरीची ऋण तार काढावी. जॅकची धन तार फ्यूजमधून बॅटरीकडे जाते, आणि तो फ्यूज बहुधा ३० अँपिअरचा असतो. तारेला ढील किती आहे ते पाहावे, कारण डोके फिरवल्यावर ती ताणली जाता कामा नये. जॅकचा पाय पिन काढून सोडवावा, कारण चौकटीतले भोक साधारण सव्वादोन इंच व्यासाचे असते आणि रुंद पाय त्यातून वर येत नाही. तीन बोल्ट बहुतेक ट्रेलरांवर ३/८ इंचाचे असतात आणि त्यांना ९/१६ चा पाना लागतो. गंजले असतील तर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवावे. मग जॅक सरळ वर उचलावा. तो जड असतो, दोघांनी उचलणे बरे. टेलगेट या वेळी अर्थातच बंद असावे.

परत बसवताना एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहते. अनेक जॅकांना ऋण तार नसते. विजेचा परतीचा मार्ग या तीन बोल्टांतून आणि चौकटीतून जातो. म्हणून बोल्टाखाली दातेरी वॉशर असतो, जो रंग खरवडून लोखंडाला चावतो. तो वॉशर हरवला किंवा नव्या जागी रंगाचा जाड थर आला, तर जॅक कधी चालतो, कधी बंद पडतो आणि माणूस फ्यूज बदलत बसतो. तेवढ्या जागेवरचा रंग घासून लोखंड चकाकते करावे, बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि नंतर उघड्या लोखंडावर गंज न चढण्यासाठी ग्रीस लावावे.

फिरवलेल्या डोक्याबरोबर बटणे आणि कपलरवर उजेड टाकणारा दिवाही बाजूला जातो, हे आधी लक्षात घ्यावे. गॅसच्या टाक्यांचे झाकण उघडताना डोके आड येते का आणि वीज गेल्यावर हाताने फिरवायच्या दांड्याला माथ्यावरच्या भोकात पुरेशी जागा मिळते का, हे दोन्ही बोल्ट आवळण्यापूर्वी करून पाहावे.

बॉल मागे नेणे

डोके फिरवून भागत नसेल तर लांब शँक हा माझ्या मते योग्य उपाय आहे. आधीपेक्षा चार इंच जास्त लांब शँक घेतला की आपल्या उदाहरणात सरळ रेषेत ४ इंच मोकळे होतात, ३० अंशांत अंदाजे २.४ इंच आणि ४५ अंशांत अर्धा इंच उरतो. काही शँकना पिनसाठी दोन भोके असतात आणि बाहेरचे भोक वापरता येते. मात्र शँकची पुरेशी लांबी रिसीव्हरच्या आत राहते, याची खात्री त्या हिचच्या पुस्तिकेवरून करावी.

बॉल मागे गेल्याने ट्रकवरची तरफ लांबते. ७०० पौंड टंग वजन, १४५ इंच व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर) आणि मागच्या आसापासून बॉल ६५ इंच, असे धरले तर पुढच्या आसावरून सुमारे ३१४ पौंड उचलले जातात. बॉल ४ इंच मागे नेला की तेच ३३३ होतात. हा फरक वेट डिस्ट्रिब्यूशन हिच सांभाळून घेते, पण तिची जुळणी मात्र पुन्हा करावी लागते. त्यासाठी ट्रकच्या पुढच्या चाकावरील कमानीची उंची ट्रेलर नसताना, ट्रेलर जोडून आणि मग स्प्रिंग बार लावून, अशी तीनदा मोजावी आणि बारांचा ताण कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावा. सेफ्टी चेन, सात पिनांची वायर आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) वळणात ताणत नाहीत ना, हेही पाहावे.

रिसीव्हरमध्ये घालायच्या जोडनळीची गोष्ट वेगळी आहे. तिने हिचची क्षमता बरीच घटते, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबरोबर तिचा वापर अनेक कंपन्या स्पष्टपणे नाकारतात. सायकलच्या स्टँडसाठी ती ठीक आहे; सहा हजार पौंडांच्या ट्रेलरसाठी, केवळ टेलगेट उघडावे म्हणून, ती वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जॅकच बदलणे

ठेंगणा जॅक शेवटी विचारात घ्यावा. विजेवरचे जॅक सामान्यतः ३,५०० पौंड क्षमतेचे आणि १८ इंच चालीचे, म्हणजे पाय तेवढा वर-खाली होणारे, मिळतात. ठेंगण्या जॅकची चाल कमी असते, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वापरणाऱ्याला चालीची गरज सर्वांत जास्त असते, कारण स्प्रिंग बार लावताना जॅक एकट्या ट्रेलरची टंग नव्हे, तर ट्रकचा मागचा भागही सोबत उचलतो. पायाखाली रुंद लाकडी ठोकळा ठेवून ही तूट काही अंशी भरता येते. हाताने फिरवायच्या साध्या जॅकचे डोके लहान असते आणि त्याला वीज लागत नाही; ज्यांचे खांदे तयार आहेत त्यांच्यासाठी तो उत्तम पर्याय आहे. काही जुन्या जॅकांत नळी कॉलरमध्ये स्क्रूंनी धरलेली असते आणि ती खाली सरकवून डोके उतरवता येते, पण जेवढे डोके उतरते तेवढीच नळी जमिनीकडे येते, आणि पेट्रोल पंपाच्या उतारावर तीच पहिल्यांदा घासते. जॅक मागे नेण्यासाठी टंगच्या चौकटीला स्वतः भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे हे टाळावे. तो ट्रेलरचा सर्वाधिक ताण सोसणारा भाग आहे.

ट्रकच नवा घेणार असाल तर टेलगेटचा प्रकार पाहून घ्यावा. दाराप्रमाणे बाजूला उघडणारी टेलगेट आता काही ट्रकांवर मिळतात आणि ती या बाबतीत सोयीची पडतात. याउलट, ज्या टेलगेटचा आतला भाग स्वतंत्रपणे खाली दुमडतो, तो भाग हिचच्या बॉलवर आदळू शकतो.

शेवटची चाचणी

जुळणी झाल्यावर जॅकच्या डोक्यावर जाड पुठ्ठा किंवा घडी केलेला टॉवेल बांधावा, टेलगेट दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणावे आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून मधली जागा पाहावी. सरळ रेषेत सुटले की ट्रक थोडा पुढे घेत ट्रेलरशी ३० अंशांचा कोन करून पुन्हा पाहावे, मग दुसऱ्या बाजूला. डोके फिरवल्यामुळे दोन्ही बाजूंची मापे आता सारखी नसतात. ज्या बाजूला कमी जागा आहे, तिकडे वळलेले असताना टेलगेट उघडायचे नाही, हे गाडी वापरणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. टेलगेटला रिमोट असेल तर ट्रेलर जोडताना ते कुलूपबंद करावे किंवा पुस्तिकेत सोय असेल तर रिमोटचे ते बटणच निकामी करावे. माझ्या ट्रकमध्ये तशी सोय होती, आणि मोॲबच्या त्या दुपारपर्यंत मी ते पान उघडलेही नव्हते.

जॅकच्या तिन्ही बोल्टांवर आणि खालच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. पहिल्या ५० मैलांनंतर थांबून पाहावे. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे, आणि पाना पुन्हा लावायला हवा.